मंगोल रॅली २०१९ : एक लिटरच्या गाडीनं उलान-उदेपर्यंत. तयारी कुठून सुरू करू?

वाटसरू_लेस्टर | १२ जानेवारी २०१९

नमस्कार मंडळी. मी मूळचा नगरचा, चार वर्षं इंग्लंडात लेस्टरला नोकरी करतोय. येत्या जुलैत मी आणि दोन मित्र मंगोल रॅलीला निघतोय. नाव नोंदवून झालं, घरच्यांना सांगून झालं, आईचं रडून झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००४ पासून ही रॅली होते. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नसतो. छोटी गाडी घ्यायची, इंजिन एक लिटरचं, फार तर १.२. आयोजक रस्ता आखून देत नाहीत, मागून मेकॅनिक येत नाही. युरोपातून निघून साधारण १६,००० किलोमीटर गाडी हाकत सायबेरियातल्या उलान-उदेला पोचायचं. पूर्वी शेवट उलानबातरला व्हायचा. प्रत्येक टीमनं किमान १,००० पाउंड देणगी जमवायची. त्यातले ५०० वर्षावनं वाचवण्याचं काम करणाऱ्या ‘कूल अर्थ’ला जातात, उरलेले आपल्या पसंतीच्या संस्थेला. आम्हाला ते हेमलकशाच्या लोक बिरादरी प्रकल्पाला द्यायचेत. दहावीच्या सुट्टीत आजोबांबरोबर तिथे गेलो होतो. दवाखान्याबाहेर झाडाखाली बसलेली माणसं अजून डोळ्यांपुढे आहेत.

आमचा बेत : तुर्कस्तान, जॉर्जिया, अझरबैजान, बोटीनं कॅस्पियन समुद्र, तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तानातून पामीरचे डोंगर, मग किर्गिझस्तान, कझाकस्तान, रशिया, मंगोलिया आणि परत रशिया.

गाडी अजून घेतलेली नाही. तिघांपैकी एकालाही इंजिनातलं काही कळत नाही. माझा पासपोर्ट भारतीय, दोघांचे ब्रिटिश. गाडी कुठली घ्यावी, सोबत काय न्यावं, व्हिसाचं कधी सुरू करावं, आणि जमलेल्या देणगीतून पेट्रोलचा खर्च काढला तर चालतं का, हे सगळं विचारायचंय. कुणी जाऊन आलं असेल तर मनमोकळं लिहा.

---

पान्हा_१४ | १२ जानेवारी २०१९

मी गेलेलो नाही. कोल्हापुरात तीस वर्षं गॅरेज आहे, त्या हिशेबानं सांगतो. ज्या मुलखातून जाणार तिथे ज्या गाड्या पळतात ती गाडी घ्या. उझबेकिस्तानात मॅटिझ तयार व्हायची, त्यामुळे तिथे तिचा पार्ट मिळायला अडचण नाही. इंजिन ८०० सीसी, तुमच्या नियमातही बसतं. मॅटिझ घेतलीत तर निघण्याआधी टायमिंग बेल्ट बदला, जुना कितीही चांगला दिसू दे. तो वाटेत तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि प्रवास तिथंच संपतो. वॉटर पंप त्याच वेळी बदलून घ्या, मजुरी एकच लागते.

आणि तिघांनीही चाक बदलायला, फॅन बेल्ट चढवायला आणि ब्रेकचे लायनर बघायला शिका. एका रविवारचं काम आहे. गाडी कुठली ठरली ते कळवा, मग पुढचं सांगतो.

---

अजिंक्यतारा | १३ जानेवारी २०१९

आम्ही २०१७ मध्ये गेलो होतो. मी, माझा नवरा आणि त्याचा एक मित्र. गाडी १९९८ ची निसान मायक्रा, एक लिटर. सात आठवडे लागले. मी साताऱ्याची, नॉटिंगहॅमला हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. वडील एसटीच्या डेपोत ३१ वर्षं मेकॅनिक होते. या रॅलीचं मी जे काही शिकले त्यातलं अर्धं त्यांनी फोनवर शिकवलंय.

आधी वजनाचं सांगते. आमची गाडी अडली ती वजनामुळे.

आम्ही टपावर कॅरिअर बसवला होता. त्यावर दोन जादा चाकं, तंबू, पाण्याचे कॅन, आणि एक मोठी पेटी, जिच्यात काय होतं ते आज आठवतसुद्धा नाही. बाबांना फोटो पाठवला तेव्हा ते म्हणाले, “खड्डा गाडीला मारत नाही पोरी, आतलं सामान मारतं. गाडी मोकळी कर.” आम्ही ऐकलं नाही. तिबिलिसीत थोडं सामान गेस्टहाउसवाल्या बाईंना देऊन टाकलं, पण कॅरिअर तसाच राहिला.

ताजिकिस्तानात कलाइ-खुंब सोडलं की रस्ता पंज नदीच्या काठाकाठानं खोरोगकडे जातो. नदीपलीकडे अफगाणिस्तान. इतकं जवळ, की पलीकडच्या पायवाटेवरून गाढव घेऊन चाललेला मुलगा आम्हाला हात करत होता. त्या रस्त्यावर मागची स्प्रिंग दबून गाडी जमिनीला टेकायला आली होती. एका उंचवट्यावर आवाज झाला आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. नवऱ्यानं त्याच क्षणी इंजिन बंद केलं, म्हणून इंजिन वाचलं. उतरून खाली वाकून बघितलं तर चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला, बोटाएवढी चीर आणि ऑइलची धार.

पुढचं नीट लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडेल. खाली स्वयंपाकाचं पातेलं लावून उरलेलं ऑइल धरलं. चीर पेट्रोलच्या फडक्यानं तीनदा पुसली. पॉलिश पेपरनं पत्रा घासला, चकाकी दिसेपर्यंत. मग बाबांनी पुण्याहून पाठवलेलं एम-सील. दोन्ही गोळ्या एकत्र मळायच्या, रंग एकसारखा होईपर्यंत, त्यात रेघ दिसली की अजून मळायचं. चिरेवर दाबून बसवलं आणि हात लावायचा नाही, असं ठरवून रात्र तिथेच काढली. तेलकट पत्र्यावर एम-सील धरत नाही, सगळं काम त्या पुसण्या-घासण्यातच आहे. सकाळी ऑइल माझ्या ओढणीतून गाळून परत भरलं. कमी पडलं ते एका ताजिक ट्रकवाल्यानं दिलं. तो रात्रीच थांबला होता, आमच्यासाठी चहा केला, ऑइलचे पैसे घेतले नाहीत. आमच्याकडे लोणावळ्याची चिक्की होती, ती त्याला दिली. ते एम-सील उलान-उदेपर्यंत टिकलं.

त्याच दिवशी खोरोगला पोचल्यावर कॅरिअर उतरवला, दोनातलं एक चाक दिलं, पेटी दिली. पुढे मुरगाबनंतर अक-बैताल खिंड लागते, ४,६५५ मीटर. तिथे हवा इतकी विरळ की इंजिनाची जवळजवळ निम्मी ताकद जाते. पहिल्या गिअरमध्येसुद्धा गाडी चढेना, तेव्हा दोघं उतरून चालत गेलो आणि तिसऱ्यानं रिकामी गाडी वर नेली. कॅरिअर असता तर ती चढलीच नसती.

म्हणून माझं सांगणं : तीन माणसं असतील तर प्रत्येकी एक पाठीवरची सॅक, बस्स. टपावर काही नाही. चेंबरखाली जाड पत्र्याची प्लेट लावून घ्या, शॉकअप मागचे तरी नवे टाका. एक स्टेपनी, एक जादा टायर नुसता, रिमशिवाय. टोचनासाठी चांगला पट्टा. हवा भरायचा छोटा पंप. १० लिटरचा पेट्रोल कॅन. उझबेकिस्तानात बऱ्याचशा गाड्या गॅसवर चालतात, पंप कोरडे असतात, आणि मिळालं तर रस्त्याकडेला बाटल्यांतून कमी ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं. हद्दीआधीच टाकी भरा.

पान्हा_१४ यांचं मॅटिझचं म्हणणं पटलं. आमच्या मायक्राला बेल्टऐवजी चेन होती, तो एक फायदा, पण ताश्कंदला साधा फिल्टर शोधायला दिवस गेला.

---

दोन_शिक्के | १३ जानेवारी २०१९

भारतीय पासपोर्टसाठी थोडं. मी २०१८ मध्ये याच पट्ट्यातून मोटारसायकलनं गेलो.

सगळ्यात आधी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा, अनेक वेळा येण्या-जाण्याचा. बाकीचे दोघं ब्रिटिश असल्यामुळे हा तुमच्या डोक्यातून निसटेल, म्हणून सांगतो. तुर्कस्तानचा ई-व्हिसा भारतीयाला मिळतो, पण ब्रिटनचा चालू व्हिसा किंवा रहिवासाचं कार्ड असेल तरच. जॉर्जियालाही ते कार्ड चालतं. उझबेकिस्ताननं जुलै २०१८ पासून भारतीयांना ई-व्हिसा सुरू केलाय. ताजिकिस्तानचा ई-व्हिसा भरताना पामीरच्या परवान्याची, म्हणजे गोर्नो-बदख्शानची, खूण करायला विसरू नका. खोरोगच्या रस्त्यावर चौकीचौकीला तो कागद मागतात. रशियाचा दोन प्रवेशांचा घ्या. कझाकस्तानातून रशियात एकदा, मंगोलियातून रशियात दुसऱ्यांदा. एका प्रवेशाचा घेतला तर मंगोलियातून बाहेर पडायला वाट नाही.

---

निंबोणी | १४ जानेवारी २०१९

रागावू नका, पण मनातलं विचारते. तीन माणसांचा व्हिसा, पेट्रोल, गाडी, बोट यात जेवढे पैसे जातील तेवढे सरळ हेमलकशाला दिले तर जास्त भलं नाही का होणार? आणि वर्षावनासाठी पैसे जमवायला १६,००० किलोमीटर पेट्रोल जाळायचं, हेही मला जड जातं.

---

अजिंक्यतारा | १४ जानेवारी २०१९

निंबोणी, रागवायचं काय त्यात. हा प्रश्न मलाही पडला होता. माझं उत्तर असं : प्रवास आम्ही आमच्या हौसेनं, आमच्या पैशानं केला. तो दान नव्हता आणि आम्ही तसं कधी म्हटलंही नाही. देणगी वेगळी जमवली, ती लोकांनी दिली, आणि आमच्या जाण्याचं निमित्त नसतं तर त्यातल्या बहुतेकांनी दिली नसती. पेट्रोलचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

म्हणूनच वाटसरू, तुझ्या शेवटच्या प्रश्नाला स्पष्ट सांगते : देणगीतला एक पेनीही पेट्रोलला लावू नकोस. प्रवासाचं खातं वेगळं, देणगीचं वेगळं, पहिल्या दिवसापासून. आणि पैसे शक्यतो तुमच्या हातात येऊच देऊ नका, थेट संस्थेच्या देणगीच्या वेबपानावर जाऊ देत. आमच्या देणगीदारांत माझ्या वॉर्डातल्या सफाईच्या मावशी होत्या, त्यांनी पाच पाउंड दिले. त्यांना मी पावती दाखवू शकले.

हेमलकशाबद्दल : परदेशातून देणगी घ्यायला भारतातल्या संस्थेला एफसीआरए कायद्याखाली नोंदणी लागते आणि पैसे ठरलेल्या खात्यातच जावे लागतात. म्हणून आधी प्रकल्पालाच लिहून विचार, कसे पाठवायचे ते तेच सांगतील. दुसरं, ब्रिटनमध्ये देणगीवर सरकारकडून गिफ्ट एड मिळतो, एका पाउंडामागे २५ पेन्स. पण तो ब्रिटनमध्ये मान्यता असलेल्या संस्थेलाच, आणि देणारा इथे कर भरत असेल तरच. भारतातल्या संस्थेला थेट पाठवलं तर तो मिळत नाही. लोकांकडून मागण्याआधी हे ठरव, मग मधेच पान बदलायची वेळ येत नाही.

आम्ही मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला वडापाव लावले होते. ३४० गेले, दोन पाउंडाला एक. बटाटे आदल्या रात्री सहा जणींनी सोलले. विक्रीवर गिफ्ट एड लागत नाही, म्हणून शेजारी देणगीची वेगळी पेटी आणि अर्ज ठेवले होते. पेटीत विक्रीपेक्षा जास्त जमले.

---

वाटसरू_लेस्टर | १५ जानेवारी २०१९

ताई, सगळ्यांनाच मनापासून धन्यवाद. पेट्रोलचा विचार डोक्यातून काढून टाकला. हेमलकशाला ईमेल आजच केली. कॅस्पियनच्या बोटीबद्दल सांगाल का? वेळापत्रक कुठेच सापडत नाही.

---

अजिंक्यतारा | १५ जानेवारी २०१९

सापडणार नाही, कारण ते नाहीच. मालवाहू बोट आहे, भरली की सुटते. बाकूच्या दक्षिणेला सुमारे ७० किलोमीटरवर अलात नावाचं बंदर आहे, तिथे जाऊन बसायचं. सावली नाही, ट्रकवाल्यांची रांग, कंटेनरमधलं दुकान. बोट आली की तिकीट मिळतं. आम्ही तीन दिवस बसलो. तुर्की ट्रकवाल्यांशी ओळख झाली, ते आम्हाला टोमॅटो कापून द्यायचे, आम्ही त्यांना मेतकूट-भात दिला.

अडचण बोटीची नाही, तारखांची आहे. तुर्कमेनिस्तानचा ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे देश नुसता ओलांडायचा, पाच दिवसांचा, तारखा छापलेल्या, शिरायची नि बाहेर पडायची ठिकाणंही ठरलेली. तुम्ही बंदरात अडकलात तरी तारखा पुढे सरकत नाहीत. आमची बोट सुटली, समुद्र ओलांडला आणि तुर्कमेनबाशीच्या बाहेर एक दिवस नांगर टाकून उभी राहिली. डेकवरून गाव दिसतंय, आणि व्हिसाचा एक एक तास चाललाय. उतरलो तेव्हा तीन दिवस उरले होते आणि पुढे १,२०० किलोमीटरच्या आसपास वाळवंट. दरवाझाचा जळता खड्डा बघायचं माझं लहानपणापासूनचं स्वप्न होतं, तो सोडून दिला. तेव्हा फार रडू आलं. म्हणून सांगते, पहिल्या तारखेच्या चार-पाच दिवस आधी अलातला पोचा, मग बोट उशिरा आली तरी हातात काही उरतं. आणि तुर्कमेनिस्तान कारण न देता व्हिसा नाकारतो. नाकारला तर कुठून वळायचं तो दुसरा रस्ता आजच नकाशावर काढून ठेवा.

कागदांचं आता एकदमच लिहिते. गाडीचं मूळ लॉगबुक, म्हणजे व्ही५सी हा ब्रिटनमधला नोंदणीचा कागद, तुमच्यापैकी एकाच्या नावावर हवं आणि ती व्यक्ती शेवटपर्यंत गाडीसोबत हवी. गाडी विकत घेतल्यावर ते पोस्टानं यायला आठवडे लागतात, म्हणून गाडी मार्चच्या आत घे. आंतरराष्ट्रीय लायसन्स १ फेब्रुवारी २०१९ पासून पोस्टात मिळणार आहे, साडेपाच पाउंड, पण ते तीन प्रकारचं असतं, प्रत्येक देशासाठी कुठलं लागतं ते खिडकीवर जाण्याआधी बघून ठेव. किर्गिझस्तानात शिरताना गाडीच्या तात्पुरत्या आयातीचा कागद मागून घ्या, दिला नाही तर खिडकीपाशी उभे राहा. किर्गिझस्तान, कझाकस्तान आणि रशिया हे जकातीच्या दृष्टीनं एकच, त्यामुळे तो कागद थेट मंगोलियाच्या हद्दीवर, ताशांताला दाखवावा लागतो. ती हद्द रविवारी बंद असते. आम्ही शनिवारी संध्याकाळी पोचलो होतो.

औषधांबद्दल तर लिहायलाच हवं, माझा रोजचा विषय. ब्रिटनमध्ये डोकेदुखीसाठी कोडीन, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक, असलेल्या गोळ्या औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात. को-को‌डामॉलचं पाकीट इथे घरोघरी असतं. त्या उझबेकिस्तानात नेऊ नका, त्याच जातीचं ट्रॅमाडॉलही नाही. हद्दीवर डबा उघडून एकेक पट्टी बघतात. साधं पॅरासिटामॉल, ओआरएसची भरपूर पाकिटं, आणि जी औषधं डॉक्टरांनी दिली असतील ती चिठ्ठीसकट, मूळ खोक्यात. पामीरसाठी असिटाझोलामाइड, म्हणजे उंचीच्या त्रासावरचं औषध, घ्यायचं की नाही ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खोरोगला, २,१०० मीटरवर, एक रात्र जास्त काढणं. आमच्या मित्रानं ते टाळायचा हट्ट केला आणि मुरगाबला रात्रभर उलट्या केल्या.

मंगोलियाबद्दल लोक फार घाबरवतात. ओल्गी गावानंतर काही ठिकाणी डांबर संपतं, पन्हळी पत्र्यासारखी वाट लागते, दहा वाटा फुटतात. हळू जा, नदी आली की आधी पायी उतरून खोली बघा. गाडी तिथे सोडून यायचा विचार करू नका, आयात करापायी ते जमत नाही. इतकंच.

---

पान्हा_१४ | १६ जानेवारी २०१९

ताई, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. पेट्रोलची टाकी झिरपली तर अंगाचा साबण ओला न करता घासून भरायचा, हेही या पोरांना सांगून ठेवतो. गावापर्यंत पोचवतो.

---

वाटसरू_लेस्टर | ९ मार्च २०१९

गाडी घेतली. मॅटिझ, २००३ ची, काल लॉगबुकही माझ्या नावावर होऊन आलं. बेल्ट आणि पंप पुढच्या शनिवारी, तिघंही गॅरेजमध्ये उभे राहून बघणार. हेमलकशाहून उत्तर आलंय, पैसे कसे पाठवायचे ते त्यांनी नीट कळवलंय. आई-बाबा मेमध्ये नगरहून येतायत. ताई, एम-सील किती पाकिटं मागवू?

---

अजिंक्यतारा | ९ मार्च २०१९

चार. आणि आईंना एक जुनी सुती ओढणी आणायला सांग, धुऊन मऊ झालेली.